सुवर्णदुर्गाची होडी: अडीच तास मागून घ्या

आधी मुद्द्याचं सांगतो. दापोलीजवळच्या हर्णै बंदरातून समुद्रातल्या सुवर्णदुर्गाला होडी करणार असाल तर भाड्यावरून घासाघीस करत बसू नका. होडीवाला किल्ल्यावर किती वेळ थांबणार, ते मात्र आधीच बोलून घ्या. निदान अडीच तास. एवढं जमवलंत तर या सहलीच्या तोडीची सहल मला तरी कोकणात दुसरी माहीत नाही.

मी हे दोनदा जाऊन सांगतोय. पहिल्यांदा गेलो त्याला बारा वर्षं झाली, कामावरची पोरं बरोबर होती. एका होडीत आम्हाला कोंबून बसवलं. जॅकेट मागितलं तर ‘एवढ्याशा पाण्याला कशाला’ असं उत्तर आलं. किल्ल्याच्या वाळूवर उतरवलं आणि अर्ध्या तासात परत या म्हणाले. दरवाजा बघितला, आत शिरलो, झाडीत वाट कुठली ते कळेपर्यंत खालून शिट्ट्या सुरू झाल्या, कारण त्यांची पुढची खेप बंदरावर ताटकळत होती. मी बांधकामातला माणूस, कराडला सत्तावीस वर्षं ठेकेदारी करतोय. समुद्रात उभा असलेला तो तट मला हात लावून, सांधे बघत, सावकाश बघायचा होता. पळत परत यावं लागलं. ती रुखरुख इतकी वर्षं मनात होती.

यंदा २६ जानेवारीला जोडून रविवार आला आणि ठरवून टाकलं. आई, बायको, पुण्याला प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी आणि मी. पाटण, कोयना, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, खेड, दापोली, आणि तिथून पुढे पंधरा-सोळा किलोमीटरवर हर्णै. आम्ही शेजारच्या मुरूडला एका घरी उतरलो. हे दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे; महर्षी कर्व्यांचं गाव. घरच्या वहिनींनीच ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या मुख्य नाविकाला, फोन लावून दिला.

त्या फोनवरच मला माणूस पटला. किती जण, हे त्यांनी नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, “म्हातारं माणूस हाय का कोण बरोबर?” आई आहे म्हटलं, बहात्तर वर्षांची, गुडघे धरतात. मग म्हणाले, “उद्या सप्तमी. सव्वापाचला भरती हुईल. साडेअकराला पाणी पुरतं उतरंल. आपण दहाला निघू, म्हंजे आजींना उतरायला वाळू मिळंल.” हा हिशेब आमच्या घाटावरच्या लोकांना माहीत नसतो, म्हणून इथे लिहून ठेवतो. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. सप्तमीला सातची पाऊणपट सव्वापाच. तिथून सहा तासांनी ओहोटी. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर भांगाचे दिवस बघून जा.

मी अडीच तास थांबायचं म्हटल्यावर ते जरा गप्प राहिले. मग सरळ म्हणाले, “सुट्टीचा रविवार हाय, माझ्या दोन खेपा जातील. तेवढं धरून द्या.” अख्ख्या होडीचे दोन हजार ठरले. माणशी पैसे देऊन इतरांबरोबर बसलात तर बरंच स्वस्त पडतं, पण मग तुमचा वेळ दुसऱ्यांच्या हातात. मला दोन हजार अजिबात जास्त वाटले नाहीत.

रथसप्तमी होती. आईने उजाडताच वहिनींच्या अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घातलं, सूर्याला नमस्कार केला आणि मगच चहा घेतला. दहाला दहा कमी असताना आम्ही बंदरावर होतो. सकाळचा लिलाव उरकत आला होता. ओल्या वाळूवर पाट्या, बर्फाचा चुरा, म्हावऱ्याचा आणि डिझेलचा मिळून एक वास. नाकाला सवय व्हायला पाच मिनिटं लागतात.

होडी फायबरची, मासेमारीचीच, वर ताडपत्री. तांडेल आणि एक विशीतला खलाशी. निघण्याआधी सगळ्यांना जॅकेटं चढवायला लावली, आणि आईच्या जॅकेटचे पट्टे तांडेलांनी स्वतः ओढून बघितले. बंदराबाहेर पडलो तसे कुरव, म्हणजे सीगल, मागे लागले. मुलगी दुर्बीण काढून बसली. ही सगळी थंडीची पाहुणी मंडळी, मार्च सरता सरता उत्तरेकडे परत जातात. डोक्याला तपकिरी ठिपका राहिलेले वेगळे, मोठ्या पिवळ्या चोचीचे वेगळे, असं ती एकेक दाखवत होती. मला सगळे सारखेच दिसत होते, पण एक कुरव होडीच्या कडेला अगदी हातभर अंतरावर वाऱ्यावर नुसता टेकून तरंगत राहिला. पंख हलत नव्हते, फक्त मान इकडून तिकडे होत होती. त्याच्या डोळ्याभोवतीचं लाल कडंसुद्धा मला चष्म्याशिवाय दिसलं.

पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. त्यात मागे वळून किनाऱ्याकडे बघायला विसरू नका. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, असे तीन किल्ले किनाऱ्याला ओळीने आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे, त्यामुळे तो लगेच ओळखता येतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. नकाशावर हे चार ठिपके असतात, होडीत बसल्यावर कळतं की ही एकच रचना आहे. मधल्या पाण्यात शत्रू शिरला तर दोन्हीकडून मारा.

बेटाला धक्का नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. होडी वाळूला टेकली की गुडघाभर पाण्यात उतरायचं. खलाशाने आधी उडी मारून एक जाड लाकडी पाट वाळूत रोवला. आईने नऊवारीचा काष्टा घट्ट केला, पण पाय खाली टाकायला धजेना. तांडेल म्हणाले, “आजी, खाली बघू नका, दरवाज्याकडं बघा.” मग दोघांनी हातात हात गुंफून बैठक केली आणि आईला वाळूपर्यंत उचलून नेलं. गोष्ट दहा पावलांची, पण ज्या अदबीने केली ती बघून माझी बायको तिथेच डोळे पुसत होती.

आता किल्ला. पूर्वेचा महादरवाजा समोरून दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय, अगदी जवळ गेलात की उघडतो. पायरीवर कासव कोरलंय, शेजारच्या तटावर मारुती. आईने पायातली चप्पल काढून आधी मारुतीला आणि मग वाकून कासवाला हात लावला. दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. त्यांच्या सावलीत ती अर्धा तास शांत बसली. वर चढायचा हट्ट तिने केला नाही आणि आम्हीही धरला नाही. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, देवडीपर्यंतच आलात तरी फेरी वाया गेली असं वाटणार नाही.

मी तटाकडे गेलो. बारा वर्षं ज्यासाठी थांबलो होतो ते सांगायला हवं. हा तट जमिनीवर पाया घेऊन उभा केलेला नाही. खालचा बराच भाग म्हणजे बेटाचा मूळ काळा कातळच, उभा तासलेला. त्याच्यावर चिरे बसवलेत. कातळ कुठे संपला आणि चिरा कुठे सुरू झाला, ते काही ठिकाणी बोटाने चाचपूनच कळतं. चिरे थोराड आहेत. माझे दोन्ही हात पसरले तरी एका चिऱ्याच्या दोन कडा धरता येईनात. सांध्यात बाहेरून तरी चुना दिसत नाही. दगडावर दगड घासून बसवावा तसे बसलेत. मी खिशातलं पट्टीचं टोक एका फटीत घालून बघितलं, आत गेलं नाही. आज मी क्रेन लावून, लेव्हल मशीन लावून असं काम करायला घेतलं तरी तीनशे वर्षांची हमी लिहून देणार नाही. इथे तर रोज खारं पाणी अंगावर येतंय. खारं पाणी दगडात मुरतं, वाळलं की मिठाचे खडे होतात, ते फुगतात आणि दगडाचा दाणा सुटतो. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या पद्मदुर्गावर हे उघड दिसतं. तिथे दगड झिजून आत गेलाय आणि चुन्याच्या ओळी मधाच्या पोळ्यासारख्या बाहेर उभ्या आहेत. इथला दगड मला त्या मानाने घट्ट वाटला.

फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या चालायच्या वाटेवर, चढून उत्तरेकडे चालत गेलं की इतिहास नुसत्या डोळ्यांनी समजतो. कान्होजी आंग्र्यांचं नाव गाजायला लागलं ते इथूनच. पुढे तुळाजी आंग्र्यांच्या काळात, एप्रिल १७५५ मध्ये, पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स आरमार घेऊन आला. आधी समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या, पण तासलेल्या कातळापुढे त्यांचं काही चालेना. मग तो किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात शिरला आणि जवळून मारा केला. आत आग लागली, दारूचं कोठार उडालं आणि किल्ला पडला. मराठ्यांनीच परक्याला हाताशी धरून आपलं आरमार मोडलं, ही गोष्ट मी शाळेत वाचली होती. तटावर उभं राहून मधलं ते पाणी बघितलं तेव्हा ती पोटात खोल रुतली. पाणी इतकं अरुंद आहे की किनाऱ्यावरची माणसं हालताना दिसतात. आणि १८०२ मध्ये होळकरांच्या भीतीने पळालेला दुसरा बाजीराव याच किल्ल्यावर येऊन राहिला, इथून वसईला गेला आणि तिथे तहावर सही करून बसला. एवढा भक्कम तट, आणि त्याच्या आत आलेला पेशवा सगळं देऊन मोकळा झाला.

आत आता वाड्यांचे चौथरे, विहीर, पाण्याची टाकी, जाड भिंतींची कोठारं, जागोजाग गवतात पडलेल्या तोफा. फलक जवळपास नाहीतच. वाटा म्हणजे माणसांच्या पावलांनी झालेल्या रेघा, दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि काटेरी झुडपं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. टाक्यांच्या कडेला गवतात जपून, कडा दिसत नाही. माझा पाय एकदा कडेवर पडला, खलाशाने मागून दंड धरला. तो आमच्याबरोबर आत आला होता, तांडेलांनीच पाठवला होता.

पश्चिमेच्या तटापाशी मुलीने माझा हात दाबला आणि ओठांवर बोट ठेवलं. तटातून वर गेलेल्या झाडाच्या वाळक्या फांदीवर समुद्रगरुड बसला होता. पांढरंशुभ्र डोकं आणि पोट, पाठ राखी, चोचीचा आकडा स्पष्ट. त्याने पायाखाली काहीतरी लांबडं धरलं होतं. दुर्बिणीतून बघितलं तर समुद्रसाप, काळ्या पट्ट्यांचा. तो घाई करत नव्हता. एक लचका तोडायचा, मान वर करायची, समुद्राकडे बघायचं, परत खाली वाकायचं. सापाचं शेपटीकडचं टोक वल्ह्यासारखं चपटं असतं, ते फांदीखाली लोंबत हलत होतं. आम्ही वीस मिनिटं उभे होतो. अर्ध्या तासाच्या खेपेत आलो असतो तर यातलं काही दिसलं नसतं. खलाशी हळूच म्हणाला, “पुढं नको जाऊया. रोज इथंच बसतो तो.” आम्ही गेलो नाही.

आणि तिथेच आमच्या बापलेकीचं वाजलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. आता साफसफाई होणार, झाडी निघणार. मी म्हटलं निघायलाच हवी. वडा-पिंपळाची मुळं सांध्यात शिरली की चिरा कितीही मोठा असो, सरकतो. ती म्हणाली, “बाबा, ते झाड तुम्ही तोडलंत तर तो कुठे बसेल?” आणि पुढे तिनेच सांगितलं की ही झाडं लावतात पक्षीच. फळं खातात, तटावर बसून विष्ठा टाकतात, फटीत बी रुजतं. म्हणजे तिची पाखरंच माझा तट फोडतायत! बराच वेळ बोलून आमचं जे ठरलं ते असं. हातभर उंचीची नवी रोपं दर वर्षी पावसाळ्याआधी उपटायची, ती तेव्हा सहज निघतात. मोठं झाड मात्र ओढून काढायचं नाही. मूळ ओढलं की चिरे बरोबर येतात, आणि नुसतं तोडलं तर मूळ आत कुजतं, पोकळी राहते, पावसाचं पाणी शिरतं. तोडावंच लागलं तर थोडं थोडं छाटत, मागोमाग पोकळी चुन्याने भरत जायचं. सिमेंटने कधीच नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक होतं, ओल आत कोंडून ठेवतं आणि मीठ दगडाच्याच अंगातून बाहेर फुटतं. मी माझ्या गावच्या देवळाच्या जोत्याला पंधरा वर्षांपूर्वी सिमेंट मारून हे नुकसान स्वतः केलंय, म्हणून जीव तोडून सांगतोय. आणि गरुडाचं झाड? ते असू दे. एवढ्या तटात एका फांदीपुरती जागा आपण ठेवू शकतो. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. हे वाचणाऱ्यांत त्या कामाशी संबंध येणारं कुणी असेल तर कृपा करून चुना जाणणारा गवंडी आणि पाखरं जाणणारं माणूस, दोघांना एकत्र न्या.

पश्चिमेच्या चोरदरवाज्यातून खाली खडपांवर उतरता येतं. ओहोटी असेल तरच उतरा. खडपं शेवाळाने निसरडी आणि कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या, अनवाणी तर मुळीच नको. पाणी साठलेल्या वाटीएवढ्या खळग्यात चिमुकले मासे, फटीत डोळे वर करून बसलेल्या कुर्ल्या. बायकोला ही जागा किल्ल्याहून आवडली.

आता तक्रारी. बेटावर प्यायचं पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, सावलीला शेड नाही. बायकामाणसांनी बंदरावरूनच सोय करून निघावं, हे कुणी आधी सांगत नाही. जॅकेटं होती पण जुनी, दोघांच्या पट्ट्यांना बुरशी, आणि लहान मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. हे मी तांडेलांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं. वाळूवर प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि जाळ्यांचे तुकडे. जाळी समुद्राने आणलेली असतील, पाकिटं आपणच नेलेली. आम्ही एक गोणी भरून आणली, खलाशाने दुसरी भरली. तटाच्या एका चिऱ्यावर कुणीतरी खिळ्याने बदाम कोरलाय, दगडाची ताजी पांढरी जखम दिसते. ते बघून मला संताप आला आणि अजून येतो.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो जॅकेटांसाठी. एक ध्यानात असू द्या, जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पावसाळाभर समुद्र खवळलेला, तेव्हा किनाऱ्यावरून बघून समाधान मानायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

परतताना पाणी चढायला लागलं होतं. अर्ध्या वाटेत तांडेलांनी इंजिन एकदम हळू केलं आणि नुसती हनुवटी वर केली. डावीकडे दोन गादे, म्हणजे डॉल्फिन. पाठीचा राखाडी उंचवटा, वर छोटासा पर, एकदा, दोनदा, मग पाणी मिटलं. होडी त्यांच्या मागे घातली नाही. मुलीने का नाही विचारलं तर म्हणाले, “पाठी लागलं की ते जातात. गप ऱ्हायलं की परत येतात.” आले परत. होडीच्या पुढून गेले, श्वास सोडल्याचा फुस्स आवाजसुद्धा ऐकू आला. आईने हात जोडले.

बंदरावर मी ठरलेल्यापेक्षा दोनशे जास्त पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, “ठरलं ते ठरलं.” तेव्हा आईने पिशवीतून डबा काढला. रथसप्तमी म्हणजे तिळगुळाचा शेवटचा दिवस. तिने दोघांच्या हातावर दोन-दोन लाडू ठेवले. तांडेलांनी एक तोंडात टाकला, दुसरा रुमालात बांधून खिशात ठेवला, वाकून आईच्या पाया पडले, आणि खलाशाला हाक मारून जॅकेटं उन्हात पसरायला सांगितली.